पहिली गिन्नी खरीच असते

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कापसाचे चुकारे हाती आले की आपल्या भागात गिन्नी, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं सोन्याचं नाणं, विकणारे फिरायला लागतात. जेसीबीनं पाया खोदताना हंडा सापडला, मालकाला माहीत नाही, घाई आहे, अर्ध्या भावात देतो म्हणतात, अन् लोक फसतात. पण फसणारे येडे नसतात साहेब, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते तपासूनच घेतात, फक्त तपासायला दिलेली गिन्नी खरी असते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका भाऊनं तालुक्याला सराफाकडं नेऊन कसोटीवर घासून पाहिली, सराफ म्हणे बावीस कॅरेट आहे, झालं, तिथंच विश्वास बसला. मग सोयाबीन-कापूस दोन्हीचा पैसा घेऊन गेला तं रात्री रोडच्या कडेला मोबाईलच्या उजेडात पिशवी हातात दिली, घरी येऊन पाहते तं सगळं पितळ. पोरीच्या लग्नाचा पैसा होता तो.

म्हणून नमुना नाही, घ्यायची ती प्रत्येक गिन्नी दिवसाउजेडी सराफाच्या काट्यावर ठेवा. इंग्रजांच्या काळातली पूर्ण गिन्नी, राणीछाप असो की राजाछाप, 7.98 ग्रॅम भरते, रुंदी 22 मिलीमीटर, जाडी दीडच्या आसपास. जुनी घासलेली असली तं वजन थोडंसं कमी येते. तेवढ्याच आकाराची पितळेची केली तं ती चार ग्रॅमही भरत नाही, अन् वजन जुळवायला गेले तं जवळपास दुप्पट जाड करावी लागते, म्हणजे वजन अन् जाडी दोन्ही एकदम जुळवणं पितळेत होतच नाही. नुसतं वजन पाहून खूश होऊ नका.

पाण्याचीही एक चांगली तपासणी आहे. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा झिरो करायचा, गिन्नी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवायची पण बुडाला टेकू द्यायची नाही. खरी असली तं काटा 0.45 ग्रॅमच्या जवळपास दाखवते, तेवढ्याच वजनाचं पितळ असलं तं 0.9 च्या वर जाते.

चुंबकावर काही लोकं फार भरवसा ठेवतात, पण पितळ-तांबंही चुंबकाला चिकटत नाही. कसोटी अन् कॅरेटची मशीन वरवरचंच पाहते, सोन्याचा जाड मुलामा असला तं तिथंही फसगत होऊ शकते. नवीन दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येते, जुन्या गिन्नीवर तसं काहीच नसते.

अन् हंड्यातली नाणी खरी निघाली तरी घेऊ नका. 1878 च्या कायद्यानं जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागते, लपवलं तं गुन्हा आहे. फसलेला माणूस पोलिसात जायला यालेच भेते, अन् विकणाऱ्यालेही ते पक्कं ठाऊक असते. तरी जा, तक्रार द्या, नाही तं तोच माणूस पुढच्या गावात हीच पिशवी घेऊन जाते.

साहेब, कापूस घरात यायच्या आधी तुमच्या पेपरात खऱ्या गिन्नीचा दोन्ही बाजूंचा फोटो अन् ही मापं मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे आम्ही ते कात्रण ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

आपला वाचक,
एक कास्तकार, ता. खामगाव, जि. बुलडाणा