तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, आमच्या मोती गुरामींकडून

काका, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहूनच टाकतेय, सगळ्यांसमोर.

लेकाच्या वाढदिवसाला मोती गुरामी माशांची जोडी आणली होती. दुकानात काय ऐटीत फिरत होती, अंगभर बारीक मोती शिंपडल्यासारखे. आमच्याकडे आली आणि फिल्टरच्या मागे जाऊन जी बसली ती महिनाभर तिथेच. कोणी टाकीजवळून गेलं की धाडकन काचेवर आपटायची, एकदा तर नराच्या तोंडाशी खरचटलं. लेक शाळेतून आला की दप्तरासकट टाकीसमोर बसायचा आणि विचारायचा, आई, त्यांना आपण आवडत नाही का गं? आठ वर्षांच्या पोराला काय सांगणार.

ज्यांच्याकडून घेतली त्या दुकानात तीनदा गेले. एकदा निळं औषध दिलं, एकदा बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी आणि रंग बदलणारी लाइट दिली (अजून दिवा, अजून आवाज!), आणि तिसऱ्यांदा म्हणाला, मॅडम मेले तर दुसरे घेऊन जा, एवढं काय टेन्शन घेता. मग कोणीतरी एक टाकी साफ करणारा पाठवला, त्याने आल्या आल्या अंगठीने काचेवर टकटक केलं, "जिवंत आहेत की" म्हणाला आणि पाचशे रुपये घेऊन गेला. मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

आणि मग तुम्ही आलात. लिफ्टमध्ये सहज बोलले होते मी, तुम्ही संध्याकाळी स्वतःहून आलात, चपला बाहेर काढल्यात, काचेला हात नाही लावलात, लांब जमिनीवर बसलात आणि अर्धा तास नुसतं बघत राहिलात. घरात नेहमीचा गोंधळ चालूच होता, सासूबाईंच्या ट्यूशनची दहा मुलं, मिक्सर, वॉशिंग मशीन. मग तुम्ही लेकाला जवळ बोलावलंत, त्याचा तळहात टाकीखालच्या शेल्फवर ठेवलात, त्यावर तुमचा हात, आणि मला म्हणालात, ताई, रोज लावता तसंच किचनचं दार लावा. मी लावलं. पोरगा दचकला. "कळलं? त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, पाणी जरा हललं तरी तिच्यातून कळतं. तुला हातात लागलं, त्यांना अख्ख्या अंगात लागतं. तू नावडता नाहीयेस रे, त्यांना फक्त लपायला जागा नाहीये."

काका, तो हात. बाकी तुम्ही जे केलंत ते सगळं कामाचंच होतं, पण माझ्या पोराच्या मनातलं ते महिनाभराचं ओझं तुम्ही एका मिनिटात उतरवलंत, आणि मला एका शब्दाने चुकल्यासारखं वाटू दिलं नाहीत. हल्ली थोडं काही येत असलं की माणसं आधी समोरच्याला "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" असं बघतात. तुम्हाला इतकं येतं आणि तरी तुम्ही आमच्या फरशीवर मांडी घालून बसलात. असा चांगुलपणा शिकवून येत नाही हो.

नंतर टाकी पॅसेजमधून आतल्या कोपऱ्यात गेली, खाली थर्माकोल, तीन बाजूंना काळा चार्ट पेपर, वर तरंगती झाडं. तुम्ही सांगितलंत तसं आता रात्री अंधारात एकदम लाइट लावत नाही, आधी खोलीतली आणि मग टाकीची, माशांना पापण्या नसतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सहा रासबोरा, म्हणजे छोटे मासे, पण आणले. ते बिनधास्त फिरतात, ते बघून गुरामींनाही वाटतं की धोका नाही. आणि आपल्याच सोसायटीच्या बदामाची गळलेली वाळकी पानं! ज्यांच्यावरून दरवर्षी मीटिंगमध्ये भांडणं होतात तीच. पाणी कोऱ्या चहासारखं झालं तेव्हा सासूबाई घाबरल्या, पण उजेड मंद झाला तशी दोघं पुढे यायला लागली. हे मासे मुळात तिकडे मलेशिया, इंडोनेशियाच्या झाडीतल्या संथ पाण्यातले, तुम्हीच सांगितलंत, त्यांना लख्ख काचेच्या पेटीत कसं बरं वाटेल.

परवा नराचा गळा केशरी झालेला दिसला. लेक काचेपाशी श्वास रोखून बसला होता आणि तो पुढे आला, ते दोन लांब धाग्यांसारखे पर आहेत ना त्याचे, ते हळूच पुढे करून अगदी बोटासमोर काच चाचपली. पोराने हात हलवला नाही की ओरडला नाही. मान फक्त माझ्याकडे वळवली, डोळे भरलेले.

ट्यूशनची मुलं आता टाकीजवळून चवड्यांवर जातात, लेकाने एकेकाचा तळहात शेल्फवर ठेवून समजावलंय, तुम्ही केलंत तसंच.

रविवारी चहाला या. बेल वाजवू नका, दार लोटूनच ठेवते.