अण्णांनी तुझं नाव काढलं

नाशिक, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय सुध्या,

एप्रिलपासून तुला चार ओळी टाकल्या नाहीत, रागावला असशील, रागाव. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून रात्री साडेअकराला टाईप करत बसलोय. तब्येत ठीक, शुगर गोळीवर, अण्णांचे कान गेलेत बाकी ठणठणीत. तर बातमी अशी की परवा अण्णांनी तुझं नाव काढलं. आपणहून. एकतीस वर्षांनी.

झालं असं, शुक्रवारी रात्री टीव्हीवर चीनच्या फुजियानची बातमी चालू होती, ती नवी विमानवाहू बोट, 5 तारखेला सान्या बंदरात नौदलात घेतली, शी जिनपिंग स्वतः गेले होते. वाफेवर नाही, विजेच्या चुंबकावर विमान भिरकावतात त्या डेकवरून, असलं आजवर फक्त अमेरिकेच्या फोर्ड बोटीवर होतं. अण्णा टीव्ही बघतात तो आवाज बंद करूनच. मला हाताने खूण केली, थांब. डेकवर त्यांचं लढाऊ विमान जे-15 उभं होतं. म्हणाले, "हे सुखोईचं आहे." बघ म्हणजे, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, ओझरच्या मिग कारखान्यातून रिटायर होऊन बावीस वर्षं झाली, सुखोई हाताखालून कधी गेलं नाही, फक्त गच्चीवरून रोज डोक्यावरून जाताना बघितलेलं, आणि एका झलकीत ओळखलं. मी सांगितलं की अण्णा बरोबर आहे, युक्रेनकडे जुना एक नमुना पडून होता, टी-10के-3, तो चीनने मिळवला, शेनयांगच्या कारखान्यात नेला, पुरता उलगडला आणि त्यावरून हे केलं. त्याच्या शेजारी जे-35 होतं, ते मात्र त्यांचं स्वतःचं. मग मलाच राहवलं नाही, मोबाईलवर चेंगदूचा व्हिडिओ दाखवला, गेल्या वर्षी 26 डिसेंबरचा, तुलाच मी तेव्हा पाठवला होता, ते शेपूट नसलेलं तीन इंजिनांचं नवं चिनी विमान, धूडच, आणि मागे सोबतीला त्यांचं लढाऊ जे-20. अण्णांनी दोन बोटांनी मोठं केलं, पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला, काचेवरून रे, आणि विचारलं, "इंजिन कोणाचं?"

मी म्हणलं, सुरुवातीची जे-20 रशियन इंजिनावर उडत होती, आता त्यांनी स्वतःचं बसवलंय, डब्ल्यूएस-10.

अण्णा उठून आत गेले. मला वाटलं झोपले. दहा मिनिटांनी ती तपकिरी डायरी घेऊन बाहेर. तुला आठवते ना, ज्यात त्यांनी एका बाजूला रशियन अक्षरं आणि समोर मराठी उच्चार लिहिलेत, आणि तू त्यातून शिकून वर्गात फळ्यावर मास्तरांचं नाव रशियनमध्ये लिहिलं होतंस आणि मार मला बसला होता. ती डायरी मांडीवर ठेवून म्हणाले, "आपल्याकडे ड्रॉइंग पूर्ण आली रे. म्हणून मी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे अर्धीच गेली, त्यांना विचारावं लागलं." आणि थोडं थांबून, "गोडबोल्यांचा सुधीर बरोबर बोलत होता."

सुध्या मला रात्रभर झोप नाही.

ओट्यावरची ती संध्याकाळ तू विसरला नसशील. 94, तुझा व्हिसा आलेला, तू पेढे घेऊन आला होतास आणि पेढा देता देता बोललास, "काका, तुम्ही विमान बांधत नाही, जोडता." अण्णांनी पेढा परत डब्यात ठेवला. मी तुला काय काय बोललो ते आता लिहवत नाही. स्टेशनवर सोडायला आलो नाही, पहिली दोन वर्षं पत्राला उत्तर नाही. मला तेव्हा तू उर्मट वाटला होतास आणि खरं सांगू, अजूनही वाटतोस, पेढे देताना बोलायची गोष्ट नव्हती ती. पण चूक होतास का, हे मला गेले तीन दिवस ठरवता येत नाहीये.

कारण बघ, विमान तेच. मिग-21. चीनने करार केला 1961 ला, आपण 62 ला. चीनचं आणि रशियाचं लगेच बिनसलं, थोडी विमानं, थोड्या पेट्या, कागद अर्धवट, इंजिनिअर माघारी. त्यांनी जे हातात होतं ते खोललं, मोजलं, नाही जमलं ते पुन्हा करून बघितलं आणि जानेवारी 66 ला शेनयांगला जे-7 उडवलं. आपल्याकडे 64 ला ओझरला कारखाना उभा राहिला, सांगाडा ओझर, इंजिन कोरापुट, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबाद, मित्र देश, ड्रॉइंगचा शेवटचा कागदसुद्धा आला, आणि आपल्या गावाचं नावच पडलं ओझर मिग, कंडक्टर अजून ओरडतो "मिगवाले उतरा". आपलं मिग जास्त चांगलं होतं रे! त्यांचं जे-7 कित्येक वर्षं रखडत होतं, त्याच काळात आपल्या मिगने 71 ची लढाई मारली. पण जे-7 ते 2013 पर्यंत बनवत राहिले, बदलत बदलत, दर वेळी काहीतरी स्वतःचं घालून, आणि तीच माणसं, त्यांचे चेले, पुढे जे-10 ला लागले, जे-20 ला लागले.

अण्णांनी एक गोष्ट सांगितली ती तशीच लिहितो. मागच्या सांगाड्यातल्या एका फिटिंगला कोपऱ्याची गोलाई तीन मिलिमीटर होती, बाकी सगळीकडे दोन. छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून असे किती गेले ते मोजलं नाही. तीन का, ते माहीत नाही. "दोन केली असती तर तिथे तडा गेला असता की नसता, हे मला आजही माहीत नाही," म्हणाले, "चिन्याने एक तडकवून बघितली असणार." लायसन्समध्ये तसंच असतं, ज्याचं डिझाईन त्याची परवानगी, एक रेघ हलवायची नाही, आणि ते बरोबरही आहे, वर माणूस बसलेला असतो. त्यात कारखान्याचा दोष नाही, अण्णांचाही नाही. पण मग कुणाचा, हा प्रश्न मला छळतोय.

तू म्हणशील एवढं सोपं नाही. मान्य. नुसतं अडवल्याने कोणी शहाणं होत नसतं, त्यामागे चाळीस वर्षं पैसा ओतत राहावा लागतो. तुझ्याच इंजिनाच्या धंद्यातलं घे, डब्ल्यूएस-10 ऐंशीच्या दशकात काढलेलं इंजिन, नीट भरवशाला यायला 2010 ओलांडलं, तोवर जे-10 सारखं एका इंजिनाचं विमान रशियन इंजिनावरच उडवत होते, कारण एकच इंजिन आणि ते बंद पडलं तर पायलट गेला. त्या ब्लेडचं तूच मला समजावलं होतंस ना, धातूच्या वितळण्याच्या वर तापलेला वायू, आणि त्यात ते बोटाएवढं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतंय, एका स्फटिकात ओतलेलं, आत हवेच्या बारीक वाटा. तेव्हा मी तुला विचारलं होतं की एक ब्लेड आणून कापून बघितलं तर समजणार नाही का, आणि तू हसला होतास, म्हणालास कापून आकार समजतो, साचा कुठल्या वेगाने थंड केला ते समजत नाही. ते वाक्य मी अण्णांना जोरात ओरडून सांगितलं काल. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "म्हणूनच त्यांना चाळीस वर्षं लागली. लागू देत ना."

आणि हे एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. 96 ला रशियाने त्यांना दोनशे सुखोई-27 जोडायचं लायसन्स दिलं, शंभरेक जोडल्यावर म्हणाले पुरे, आणि स्वतःचं रडार, स्वतःचं इंजिन घालून जे-11बी काढलं, रशिया बोंबलत राहिला. 2000 साली इस्रायलने अमेरिकेच्या दबावाखाली फाल्कन रडारचा सौदा मोडला, उडत्या टेहळणी विमानाचा, तर केजे-2000 स्वतः केलं, मग केजे-500. तेच फाल्कन आपण 2004 ला मागवलं, मिळालं, तीन विमानं आली, छान चालतात. आपल्याला मिळतं रे सगळं! आपण गोड वागतो, आपल्याला कोणी नाही म्हणत नाही.

उलट ज्यांनी ती ड्रॉइंग काढली त्यांच्याकडे बघवत नाही. रशियाचं सुखोई-57 जानेवारी 2010 ला उडालं, जे-20 च्या आधी एक वर्ष, आपणही त्यात होतो, 2018 ला बाहेर पडलो. जे-20 आज कुठे आहे आणि 57 कुठे! कारखान्यातून निघालेलं पहिलंच हातात द्यायच्या आत 2019 ला पडलं. ए-50, त्यांचं उडतं टेहळणी विमान, गेल्या वर्षी जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक गेलं. यंदा 1 जूनला युक्रेनने ट्रकमधून ड्रोन सोडून पार सायबेरियात बेलायाच्या तळावर उभी बाँबर जाळली, टीयू-95 आणि टीयू-22एम, जी बनवणं नव्वदच्या सुरुवातीलाच थांबलंय, म्हणजे गेलं ते गेलं. आता कोणी म्हणेल रशिया संपला तर तसंही नाही, जुन्याच बाँबला पंखांचं किट लावून सुखोई-34 मधून लांबून सोडतात आणि युक्रेनची गावंच्या गावं सपाट झाली, मला ते व्हिडिओ बघवत नाहीत, अण्णा तर उठून जातात. आपल्या घरात सुखोई, मिग हे शब्द देवासारखे घेतले गेले ना.

मे महिन्यात होशियारपूरला शेतात पीएल-15 चे तुकडे सापडले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. चिनी क्षेपणास्त्र, चिनी जे-10, उडवणारा पाकिस्तानी. बाहेर विकायच्या मॉडेलचाच पल्ला 145 किलोमीटर सांगतात. आपली विमानं पडली हे सीडीएसनी, म्हणजे आपल्या संरक्षण दलप्रमुखांनी, सिंगापूरला मान्य केलं, आकडा नाही दिला. पंधरा वर्षांपूर्वी आपण दोघं चिनी मालावर हसायचो, तू तर म्हणायचास त्यांचं विमान दिवाळीच्या बाणासारखं, कुठे जाईल सांगता येत नाही. आता काय बोलणार.

26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, अण्णा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते, काही बोलले नाहीत. 17 ऑक्टोबरला ओझरला तेजस मार्क-1ए उडालं, संरक्षणमंत्री आले होते, नवीन लाईन सुरू झाली, आपल्या गावात, आपल्या डिझाईनचं! मी त्यांना गाडीत घालून नेलं, धावपट्टीच्या लांब कुंपणाबाहेर उभं केलं. आवाज त्यांना छातीत जाणवला म्हणाले. डोळे पुसले. आणि घरी येताना विचारलं, "इंजिन कोणाचं?" अमेरिकन, म्हणलं. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन 89 ला मंजूर झालं होतं, तू आणि मी तेव्हा डिप्लोमाला होतो.

आता खरं पत्र का लिहितोय ते. आमचा ओंकार नोकरी सोडतो म्हणतोय. त्याला आणि दोन मित्रांना छोटं जेट इंजिन करायचंय, ड्रोनसाठी, ताटाएवढं, आणि माझ्या अंबडच्या शॉपमधली एक फाईव्ह-ॲक्सिस मशीन रात्रपाळीला हवीय. मी महिनाभर नाही म्हणतोय. हप्ते चालू आहेत, आणि मीही आयुष्यभर तेच केलंय ना सुध्या, कस्टमरचं ड्रॉइंग येतं, मी काढून देतो, तीन म्हटलं तर तीन. गेल्या आठवड्यात एका पार्टवर असलीच एक विचित्र गोलाई होती, मी विचारलं नाही, डिलिव्हरी चलन केलं आणि पाठवून दिलं. शनिवारी अण्णांनी पोराला बोलावून त्याच्या हातात ती डायरी दिली आणि मला म्हणाले, "मशीन दे त्याला. मोडू दे. आणि सुधीरला विचार काय वाचायचं ते."

तुझ्या कंपनीतलं काही नको, तुझी नोकरी घालवायची नाहीये, नुसतं पुस्तक कुठलं, सुरुवात कुठून, कुठल्या ठिकाणी हात भाजेल एवढं सांग त्याला. वैशालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, सई कुठल्या युनिव्हर्सिटीत गेली शेवटी, नवीन घराचे फोटो पाठव, बागेचे नकोत.

मशीन मी दिलीय. कालपासून. पहिलं कंप्रेसर चाक काढताना टूल मोडलं, साडेअकरा हजारांचं, अण्णा खूष.

रविवारी दुपारी फोन कर, तुझ्या तिकडच्या, इंग्लंडातल्या डर्बीच्या सकाळी. अण्णांशी बोलायचंय, मी नाही, ते म्हणालेत. डाव्या कानाला मशीन आहे, तिथे धरतो मी फोन, तू जरा ओरडून बोल.

तुझा,
दिन्या