सरांच्या आठवणींची बैठक : सर्व माजी विद्यार्थ्यांना स्मरण

मित्रमैत्रिणींनो,

सरांना जाऊन महिना होत आला. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आपण विभागातल्या त्यांच्या नेहमीच्या वर्गात जमतो आहोत. भाषणं नकोत, ज्याला जे आठवेल ते त्यानं आपल्या शब्दांत सांगावं. बोलताना गळा दाटून आला तर थांबावं, सगळे समजून घेतील.

एक मागणं मात्र मनापासून आहे. सरांच्या तासाला लिहिलेल्या वह्या कुणाकडे असतील तर सोबत आणा. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता त्यांनी फळ्यावर मांडली, शेवटची ओळ मुद्दाम कोरी सोडली आणि खडू आपल्यापैकी एकाच्या हातात दिला, तो तास मी अजून विसरलेलो नाही. त्यांचं असं शिकवणं कुठल्याच पुस्तकात नाही, ते फक्त आपल्या वह्यांमध्ये आहे. गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट ते दरवर्षी सांगत: १८३२ मध्ये विसाव्या वर्षी तो गेला, पण भावानं आणि मित्रानं कागद जपले, म्हणून १८४६ मध्ये त्याचं काम छापलं गेलं.

वह्यांची पानं तिथेच स्कॅन करू आणि मूळ वही लगेच परत देऊ. फाटकी असली, शाई पुसट झाली असली तरी चालेल. समासात लिहून ठेवलेली सरांची वाक्यं तर हवीच आहेत.

ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी आठवण लिहून किंवा आवाजात रेकॉर्ड करून शुक्रवारपर्यंत गटावर पाठवावी. सरांच्या घरची मंडळीही येणार आहेत. त्यांना ती ऐकवू.