खोक्यावर नाव कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या दैनिकांत शुभेच्छांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत बहुतेक वेळा एकच चित्र असते: लाल टोपी, पांढरी दाढी, पाठीवर पोतडी. येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे गोठा, क्वचितच दिसतो. त्यामुळे आमच्या कित्येक हिंदू शेजाऱ्यांचा अगदी प्रामाणिक समज असा, की सांताक्लॉज हा ख्रिस्ती धर्मातला कोणी देव, निदान मोठा संत तरी असावा, आणि नाताळ त्याचाच. इकडे ख्रिस्ती घरांतही याच दिवसांत नवराबायकोत बोलणी चाललेली असतात. पोरांना सांता सांगायचा की नाही? सांगितला तर खोटे बोलल्यासारखे होते, न सांगावा तर शाळेत सगळ्यांचा सांता येतो आणि आपल्याच पोराचा येत नाही. इगर्जीत (चर्चमध्ये) रविवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, देताना आई-वडिलांकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी सांतामागचा खरा माणूस कोण ते पाहू. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले देमरे. हुंड्यावाचून लग्ने अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या तीन थैल्या टाकल्या, ही त्यांची आख्यायिका. त्यांचे अवशेष १०८७ साली इटलीतल्या बारी शहरात नेले गेले. (संतांच्या अवशेषांचे महत्त्व गोवेकरांना वेगळे सांगायला नको.) त्यांचा सण ६ डिसेंबरला. १९६९ साली चर्चची दिनदर्शिका बदलली तेव्हा हा सण ऐच्छिक झाला, एवढेच. ‘त्यांना संतांच्या यादीतून काढले’ असे जे सांगतात ते चुकीचे आहे. डच लोकांचा सिंटरक्लास हा याच संताचा अवतार. तो अमेरिकेत पोचून सांताक्लॉज झाला, १८२३ साली तिथल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापून आलेल्या एका कवितेने त्याच्या गाडीला आठ रेनडिअर जुंपले, १८६३पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला गोलमटोल केला आणि १९३१पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो जगभर नेला. लाल झगा मात्र कोका-कोलाचा नव्हे, तो त्याआधीपासून छापला जात होता.

थोडक्यात, संत खरा आहे, उत्तर ध्रुवावरचा कारखाना खरा नाही. पोराला सांगायचे तेही एवढेच. अडचण होते ती दोन्हींची गल्लत केल्यामुळे, आणि ती तीन ठिकाणी होते.

पहिली जागा म्हणजे भेटीवरचे नाव. गोव्यात किती मुलांचे वडील तारवार (बोटीवर नोकरीला) आहेत, आखातात आहेत, इंग्लंडात कारखान्यात रात्रपाळी करतात, हे सांगायची गरज नाही. बोटीवरून सहा-आठ महिन्यांनी पाठवलेल्या पैशांतून सायकल येते, आणि खोक्यावर चिठ्ठी लागते ‘सांताकडून’. पोर आभार मानते ते एका कापसाच्या दाढीचे. ज्याने वर्षभर घाम गाळला तो व्हिडिओ कॉलवर हसत बघत राहतो. आमच्या मते सांताविषयी सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, धर्मशास्त्राचा नंतर येतो. म्हणून मोठी भेट नेहमी खऱ्या माणसाच्या नावाने द्यावी. चिठ्ठी पपांच्याच अक्षरात असली तर उत्तम. ते परदेशी असतील तर चार ओळी कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगावे, इथे छापून खोक्यावर चिकटवावे. सांता ठेवायचाच असेल तर त्याच्या नावावर फार तर शंभर रुपयांच्या आतली वस्तू असावी: रंगीत खडू, भोवरा, चॉकलेटची नाणी. घरातल्या सगळ्या मुलांना सारखीच.

दुसरी जागा ‘शहाण्यासारखे वागलास तरच सांता येईल’ हे वाक्य. नोव्हेंबरपासून ते घराघरांत ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर पोर आवरायला ते सोयीचेही पडते. पण त्याचा हिशेब मूल वेगळा लावते. वाड्यावरच्या एका पोराला रिमोटची गाडी मिळाली आणि शेजारच्याला कंपासपेटी, तर दुसरे पोर मनात काय म्हणेल? मी वाईट आहे. त्याच्या बापाचा हात यंदा तंग होता हे त्याला कोणी सांगत नाही. शिवाय नाताळची मूळ गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. गोठ्यातले बाळ कोणाची वागणूक तपासून आले नाही. ज्या घरात भेट ही बक्षीस म्हणून मिळते, त्या घरातल्या मुलाला देवाची कृपा शिकवायला आम्हाला वर्गात दुप्पट वेळ लागतो. तेव्हा सांता ठेवा, पण त्याची वही ठेवू नका.

तिसरी जागा सातव्या-आठव्या वर्षी येते. मुले साधारण याच वयात सांताविषयी शंका घेऊ लागतात आणि आपल्याकडे पहिल्या कुमगाराची, म्हणजे फर्स्ट कम्युनियनची (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची) तयारीही याच सुमारास चालते. देवदूत, मेंढपाळ, बेथलेहेम सांगणारी आई तीच, रेनडिअर सांगणारी आईही तीच. दोन्ही गोष्टी एकाच खणात ठेवल्या गेल्या तर एक बाहेर काढताना दुसरीही हाताला लागते. ‘मग जेजूही (येशूही) तुम्हीच केलात काय?’ हा प्रश्न वर्गात येतो तेव्हा शिक्षकाने हसून वेळ मारून नेऊ नये.

यावर काही पालक टोकाचा उपाय करतात: घरात सांताचे नावच काढायचे नाही. हा आम्हाला तितकासा पटत नाही. असे मूल शाळेत जाऊन केजीतल्या पोरांना ‘सांता नसतोच, तुमचे आई-बाबा थापा मारतात’ असे ऐकवते, दोन-चार जण रडत घरी जातात आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्रभर भांडण चालते. त्यापेक्षा सांता हा खेळ आहे हे पहिल्यापासून ठेवावे. आपल्याकडे शिगम्याला सोंगे येतात. सोंगाखालचा माणूस वाड्यावरचाच आहे हे पोरांना ठाऊक असते, म्हणून मजा कमी होत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘सांताची गोष्ट सांगू?’ असे म्हणून सुरुवात करावी. ‘आज रात्री सांता येणार’ असे बजावून सांगू नये. पोर ‘तो खरा का?’ म्हणाले तर आधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. कधी कधी त्याला खेळच चालू ठेवायचा असतो. मात्र दुसऱ्यांदा, डोळ्यांत बघून विचारले की सरळ उत्तर द्यावे: ‘निकोलस नावाचे बिशप खरे होते. ते गुपचूप द्यायचे. त्यांची आठवण म्हणून लोक सांता होतात. आता तुला कळले, तर यंदा तूही हो.’ आणि खरोखरच करू द्यावे. धाकट्या भावंडासाठी पुडी बांधणे, ती लपवणे, तोंड बंद ठेवणे. फसवले गेल्याचा राग या कामात विरतो, आणि धाकट्यांजवळ न बोलण्याचे कारणही आपोआप कळते.

संत निकोलसांचा दिवस वेगळा काढला तर अर्धा गुंता तिथेच सुटतो. ५ डिसेंबरच्या रात्री दाराशी बूट, त्यात एक संत्रे आणि चिक्की. दुसऱ्या दिवशी तीन थैल्यांची गोष्ट सांगून मुलाकडून तीन कागदी पिशव्या भरून घ्याव्या: प्रत्येकीत किलोभर तांदूळ, अर्धा किलो साखर, एक साबण. कोणाला द्यायच्या ते इगर्जीतल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या (गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेच्या) मंडळींना विचारावे, स्वतः अंदाज बांधू नये. पिशव्या त्यांच्याच हाती सोपवाव्या, म्हणजे घेणाऱ्याला कोणाचे तोंड बघावे लागत नाही. हे बिघडते एकाच कारणाने: आई किंवा पपा पिशव्यांसह पोराचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात. मग गुपचूप देण्याला काय अर्थ उरला?

त्यानंतर मुलाचे हात गोठ्यात गुंतवावे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने मांडला तो पहिला गोठा समजतात. आपल्याकडे त्यासाठी हिरवळ लागते आणि ती पेरायचे काम पाच वर्षांचे पोरही करते. फूटभर लांब-रुंद ताटाला दोन मुठी गहू किंवा नाचणी पुरते. दाणे रात्रभर भिजवावे, इंचभर मातीवर दाट पसरावे, ओला कपडा घालून दोन दिवस झाकावे आणि मग उजेडात ठेवावे. पाणी हाताने शिंपडायचे, तांब्याने ओतायचे नाही. ओतले की मुळाशी बुरशी धरते आणि ताटाला वास येतो. पेरणी १३-१४ डिसेंबरला करावी. कोन्सेसांवच्या फेस्ताला (मरियामातेच्या सणाला), ८ तारखेलाच पेरली तर चोवीसपर्यंत पाती पिवळी पडून आडवी होतात. गवताच्या छपराजवळ जुना तापणारा बल्ब नको, एलईडीची माळ लावावी. बाळाची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत आत ठेवायची नाही, आणि मीस (चर्चमधली प्रार्थना) आटोपून आल्यावर ती घरातल्या सर्वांत लहान मुलाने ठेवायची. बाळाच्या भेटीला निघालेल्या तीन राजांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर किंवा शोकेसमध्ये ठेवून रोज थोडे पुढे सरकवावे. राजे ६ जानेवारीला पोचतात. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कुएलीच्या डोंगरावर त्या दिवशी राजांच्या पोशाखातली मुले घोड्यावर येतात, ती दाखवायला पोराला न्यावे. काही घरांत मोठी भेट त्याच दिवशी देतात, आम्हाला ही पद्धत सर्वांत आवडते. राजांनी बाळाला भेट दिली हे त्या दिवशी डोळ्यांसमोर असते, शिवाय पंचवीसच्या सकाळी सगळे एकदम फोडून दुपारपर्यंत कंटाळणारे पोरही दिसत नाही.

झाडाखाली रचलेली खोकी मिसेला जाण्यापूर्वी दाखवू नयेत, हे वेगळे सांगायला हवे काय? पोर इगर्जीत बसते, मन खोक्यात.

आता क्लबांचे आणि वाड्यावरच्या मंडळांचे. पालकांनी आपापली भेट आणून द्यायची आणि सांताने नाव पुकारून वाटायची, या पद्धतीत हमखास एक पोर रिकाम्या हाताने उरते आणि दोन खोकी इतरांच्या तिप्पट मोठी निघतात. सगळ्यांकडून सारखी वर्गणी घेऊन मंडळानेच सारख्या वस्तू आणाव्या, यादीपेक्षा पाच-सहा पुड्या जास्त बांधाव्या. पाहुण्यांची पोरे येतातच, शेजारची हिंदू पोरेही रांगेत असतात, असायलाच हवीत. प्लास्टिकचा मुखवटा नको, दोन-अडीच वर्षांची मुले त्याला भिऊन किंचाळतात. नुसती दाढी पुरे. सांताने खुर्चीवर बसावे आणि लहान मूल आईच्या कडेवरच राहू द्यावे, फोटोसाठी ओढून मांडीवर बसवू नये. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकाला सोंग देऊ नये, पोटावर उशी आणि अंगात फेल्टचा झगा घालून आपल्या हवेत माणूस घामाने निथळतो. मेणबत्त्या घेऊन कांतारां (गाणी) म्हणायचा कार्यक्रम असेल तर सांताला चार हात लांब ठेवावे. नायलॉनची दाढी भसकन पेटते. आणि मुले दाढीकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. आंतोन काकाची निळी पट्ट्याची चप्पल साऱ्या वाड्याला पाठ असते. खेळ म्हणूनच चालला असेल तर ती ओळखण्यातच खरी गंमत असते.

शेजाऱ्यांसाठी एक विनंती. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकचे ताट क्रोशाच्या रुमालाखाली घेऊन पोर तुमच्या दारात आले, तर ‘सांताने काय आणले?’ ऐवजी ‘तुमचा गोठा झाला काय, बघायला येऊ?’ असे विचारावे. हिरवळ किती वाढली ते ते पोर हात धरून नेऊन दाखवील. आणि संपादक महोदय, यंदाच्या नाताळ पुरवणीत लाल टोपीच्या जागी एखादा वाड्यावरचा गोठा छापता आला तर पाहावे. फोटो चोवीसच्या रात्रीनंतरचा घ्यावा, त्याआधी त्यात बाळ नसते.

आपले,
दोतोर्न शिकवणारे काही शिक्षक,
बार्देश, गोवा