"कुठलं खानापूर?" असं विचारणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

वाचनालयाच्या भिंतीवर पावसाचा आलेख लागला. त्याखाली तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे आभार असे चारचौघांत मानतोय. आता नको म्हणू नका.

आमची मागणी साधी होती. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागाचा, म्हणजे कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याचा पाऊस एका चित्रात बघायचा. डोंगर तेच, ढगही तेच. पण मधून राज्याची हद्द जाते, आणि हद्द आली की कागद बदलतात. इकडे नोंद होबळीची (तालुक्याच्या एका भागाची), तिकडे महसूल मंडळाची. इकडच्या तक्त्यात कन्नड आकडे, तिकडच्यात मराठी, आणि डाउनलोड केलेल्या फायलींत इंग्रजी स्पेलिंगं. 1 नोव्हेंबर 2014 ला जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या फायलींत बेलगामच. माणसाला कळतं, कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन जिल्हे.

"एवढं जोडून द्या की," म्हणून सगळं तुमच्याकडे पाठवलं. तुमचा पहिलाच प्रश्न आला: "कुठलं खानापूर?"

आमच्या घरात त्यावर सगळे हसले. आम्हाला खानापूर एकच! मग तुम्ही महाराष्ट्राची यादी दाखवलीत. सांगली जिल्ह्यातला, विट्याकडचा खानापूर तालुका तिथं बसलेला. नुसत्या तालुक्याच्या नावावर फायली जोडल्या असत्या तर त्या कोरड्या पट्ट्यातला पाऊस मलप्रभेच्या उगमाकडच्या गावांच्या खात्यावर पडला असता, आणि कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नसतं. तुम्ही राज्य, जिल्हा, तालुका आणि पाऊस मोजायचं केंद्र हे चार रकाने मिळून एक ओळख धरलीत आणि मगच जोडणी केलीत. मला वाटतं, अर्धं काम त्या एका प्रश्नातच झालं होतं.

नावांसाठी तुम्ही ओपनरिफाइन हा प्रोग्राम वापरलात. ते फुकट मिळतं, हे इथल्या सोसायट्या आणि शाळांनी ऐकून ठेवावं. सारखी दिसणारी नावं ते गोळा करून पुढं ठेवतं. कुठं टीच्या स्पेलिंगात एच जास्त, कुठं शब्द उलटसुलट. पण दोन नावं एकच आहेत की नाही, ते आपण टिचकी मारून सांगायचं. तिथं तुम्ही प्रत्येक वेळी मला विचारलंत. गाव माझं, म्हणून निर्णयही माझा, असं म्हणालात.

मग तक्ता उभा करायचं काम. ऑफिसचा तक्ता डोळ्यांना सोयीचा असतो: खाली केंद्रं, आडव्या 1 ते 31 तारखा, दर महिन्याचं वेगळं पान. आलेखाला हे चालत नाही. त्याला एका ओळीत एक केंद्र, एक तारीख, एक पाऊस एवढंच हवं. एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी म्हणून सोय असते, तिच्यात यासाठी 'अनपिव्होट' आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांतले पायथनवाले पांडासमधलं 'मेल्ट' वापरतात, आरवाले 'पिव्होट लाँगर'. दहा केंद्रांचा एक महिना असा उलगडला की 310 ओळी होतात. रिकाम्या चौकटीही धरल्या तर जूनच्याही 310 होतात, कारण छापील तक्त्यात 31 चा रकाना असतोच. ती न उगवणारी 31 जून तुम्ही आधी काढलीत.

आणि रिकाम्या चौकटी! पॉवर क्वेरी अनपिव्होट करताना त्या गुपचूप गाळते, हे मला माहीतच नव्हतं. महाराष्ट्राच्या कागदावर 'निरंक' म्हणजे पाऊस शून्य, हे सरळ. पण नुसती आडवी रेघ असली तर पाऊस पडला नाही, की कुणी मोजलाच नाही? एक जूनपासूनची बेरीज चढवत नेणाऱ्या आलेखात दोन्हींची रेघ सपाटच दिसते, आणि बघणारा म्हणतो पावसानं ओढ दिली. तुम्ही न मोजलेल्या दिवसांना उलगडण्याआधीच वेगळी खूण दिलीत आणि आलेखात तिथं रेघ तोडलीत. तुटलेली रेघ चांगली दिसत नाही, असं आमच्यातला एक जण म्हणाला. मला तीच सगळ्यात आवडली.

दर पंधरा मिनिटांना आकडा देणाऱ्या स्वयंचलित केंद्रांची बेरीज तुम्ही मध्यरात्रीपासून न धरता सकाळी साडेआठ ते साडेआठ धरलीत. हाती मोजणारे तसंच मोजतात, आणि पाऊस मोजला त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. हे केलं नसतं तर शेजारच्या दोन गावांचा एकच पाऊस दोन दिवसांचा दिसला असता.

आता रोप लावणीच्या दिवसांतली प्रत्येक ओढ भिंतीवर दिसते. वर्तमानपत्र वाचायला येणारे आधी तिथं थांबतात आणि कुठल्या वर्षी कुणाचं तरवं वाळलं यावरून वाद घालतात.

तुम्ही या सगळ्या कामाच्या पायऱ्या जपून ठेवल्यात त्याचा उपयोग झाला. नवी फाईल फोल्डरात टाकून रिफ्रेश दाबलं, चंदगडची रेघ आली. आमच्याकडच्या एका केंद्राची मात्र आली नाही, नावाचं स्पेलिंग परत बदललंय. ते मी ओपनरिफाइनमध्ये बघतोय. जमलं नाही तर रविवारी फोन करतो.

तुमचा,
वाचनालयाचा खजिनदार