फाल्गुनातल्या गुलाबाला दसऱ्यानंतर कात्री लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मंगळवार पेठेत जुनी घरे पाडून इमारती उभ्या करण्याचे काम सध्या जोरात आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या बोळातले असेच एक घर पडले. त्याच्या परसात आडाच्या कट्ट्यावरून न्हाणीच्या पत्र्यावर चढलेला एक वेलगुलाब होता. जेसीबीने तो मुळासकट ओढला. निदान एक फांदी मिळावी म्हणून मी गेले, तर मुकादम म्हणाला, "जंगली हाय त्ये बाई. काय करतासा न्हेऊन?" तोवर त्याच्यावर विटांचा ढीग पडलाही होता.

"जंगली आहे" एवढ्या दोन शब्दांवर या शहरातले किती गुलाब गेले असतील, याचा विचार मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याही परसात असा एक आहे. सासूबाईंनी तो पन्हाळ्याहून, माहेरून आणून लावला. नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. दर वर्षी दसरा झाला की माळी यायचा आणि कुंड्यांतल्या कलमी गुलाबांबरोबर यालाही गुडघ्याएवढा ठेवून छाटायचा. कलमी गुलाबाला ते मानवते. छाटल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत त्याला टपोरी फुले लागतात. हा मात्र नुसता पाला आणि दोन-दोन पुरुष लांबीच्या फांद्या काढायचा. दारावर येणारा प्रत्येकजण "काढून टाका" म्हणायचा. एका वर्षी माळी आजारी पडला आणि छाटणी राहून गेली. त्या फाल्गुनात पत्रा दिसेनासा झाला! एकेका झुबक्यात वीस-पंचवीस फुले, प्रत्येक फूल रुपयाएवढे, उमलताना फिकट गुलाबी आणि उन्हाने दुसऱ्या दिवशी पांढरे. एकाच झुबक्यात दोन्ही रंग. सासूबाई खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसून राहिल्या होत्या.

कारण साधे आहे. वेलगुलाबांतले हे रॅम्बलर जातीचे झाड वर्षातून एकदाच फुलते आणि तेही बहुतेक गेल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर. ऑक्टोबरात त्या फांद्या छाटल्या की पुढचा बहर कचऱ्यात गेला. त्याची छाटणी फुले संपल्यावर, चैत्रात करायची. जून झालेल्या, फुलून गेलेल्या फांद्यांतल्या काही बुडापासून काढायच्या आणि नव्या लांब फांद्यांना हातही लावायचा नाही. त्या उभ्या सोडल्या तर फक्त शेंड्याला फुलतात. आडव्या करून कुंपणाला किंवा तारेला बांधल्या, तर डोळ्याडोळ्यातून फुटवा येतो आणि फांदीभर फुले लागतात. बांधायला जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या उत्तम. बारीक तार वापरू नये, ती सालीत रुतते.

आता ओळखीबद्दल. फुलावरून ओळखायला गेलात तर फसाल. पान देठाच्या बुडाशी बघा. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन बाजूंना हिरव्या पट्ट्या असतात, त्यांना उपपर्णे म्हणतात. आमच्या गुलाबाची उपपर्णे कंगव्याच्या दातांसारखी कातरलेली आहेत. ही खूण मूळच्या चीन-जपान-कोरियातल्या रोझा मल्टिफ्लोरा या जातीची आणि तिच्या वंशजांची. काटे जवळजवळ नसतील, उपपर्णे लवकर गळून जात असतील आणि बारीक फुले पिवळी किंवा पांढरी असतील, तर तो बँक्सिया नावाचा वेलगुलाब असण्याची शक्यता मोठी. आमच्या गुलाबाचे नाव मला अजून मिळालेले नाही, पण घराणे मिळाले आहे.

एका देठावर सात पाने दिसली की "सात पानांचा म्हणजे जंगली" हा ठोकताळा आपल्याकडे पक्का बसला आहे. त्यावर मुळीच विसंबू नका. मल्टिफ्लोराच्या घराण्यात पाच, सात, नऊ अशी कितीही पाने असतात. खरी तपासणी मातीत आहे. बुंध्याजवळची माती चार बोटे उकरा. डोळा भरलेली, म्हणजे कलम बांधल्याची, गाठ दिसली आणि वेल गाठीच्या खालून आला असेल, तर वरचे कलम मेले आणि ज्यावर ते बांधले होते तो जंगली खुंट वाढला असे समजावे. आमच्याकडे गाठच नाही. म्हणजे कोणीतरी मुद्दाम फांदी लावून हा गुलाब वाढवला. आणि फुले भरगच्च पाकळ्यांची आहेत. मूळ जंगली मल्टिफ्लोराला पाचच पांढऱ्या पाकळ्या असतात.

आणि जंगली निघालाच, तर त्यात कमीपणा कसला? कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी रोझा क्लिनोफायला आणि मणिपुराकडचा रोझा जायगँटिया या आपल्याच देशातल्या जंगली गुलाबांपासून उष्ण हवेला टिकणारे नवे वाण तयार केले. ज्याला आपण उपटून फेकतो, त्याच्याच नातलगांकडे जाणकार माणसे मान वाकवून जातात.

घर पाडायचेच असेल तर पाडा, पण त्याआधी एक पावसाळा द्या. लांब फांदी वाकवून जमिनीला टेकवा, डोळ्याच्या खाली सालीला तिरका छेद द्या, तेवढा भाग मातीत पुरून वर दगड ठेवा. हे दाब कलम रॅम्बलरला इतके सहज लागते की खतऔषध काही लागत नाही. दोन-तीन महिन्यांत मुळ्या धरल्या की मूळ झाडापासून तोडून नव्या जागी लावावे. जागा मात्र पाण्याचा निचरा होणारी हवी. आपल्या पावसात काळ्या मातीत पाणी तुंबले तर मुळे कुजतात, आणि पानांवर काळे ठिपके पडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडची पुष्पप्रदर्शने थंडीत भरतात. तेव्हा या गुलाबांवर एक फूल नसते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. माझी विनंती अशी, की फाल्गुनात आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या अनोळखी गुलाबांची छायाचित्रे छापावीत. नुसते फूल नको. पूर्ण झाड, झुबका, काटे आणि देठाचे बूड, असे चार फोटो मागवावेत. सोबत पेठेचे किंवा गावाचे नाव आणि झाड कोणी, कुठून आणले तेवढे लिहावे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले जाणकार ते पाहतील, तर निदान घराणी तरी लागतील. दोन स्तंभांची जागा मिळू शकेल का, ते कळवावे.

एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर