मार्टनचं घरभाडं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंटरनेटवरच्या चित्रमालिकांवर लेख आला होता. मराठी पुरवणीत वेबकॉमिक या विषयाला अर्धं पान मिळालेलं पाहून इतका आनंद झाला, की गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी वाचतच होते. पण 'क्वेश्चनेबल कंटेंट'बद्दलच्या परिच्छेदाशी आले आणि अडले. लेखकाचं म्हणणं असं, की २००३ साली सुरू झालेली ही अमेरिकन मालिका मुळात तरुण मुलामुलींची, गाण्याबजावण्याची आणि कॉफीच्या दुकानातल्या गप्पांची होती. पुढे तिच्यात यंत्रमानव शिरले, त्यांनी माणसांना बाजूला सारलं आणि मालिका भरकटली. वेळीच बंद केली असती तर बरं झालं असतं.

मी ही मालिका २००५ पासून वाचते आहे. बिघडली आहे, हे मलाही मान्य. पण लेखकाने दुखतंय पोट आणि पट्टी बांधली आहे गुडघ्याला.

यंत्रमानव नंतर शिरले ही माहितीच मुळात चूक आहे. १ ऑगस्ट २००३ला पहिला भाग आला, त्यातच पिंटसाइज नावाचा बुटका, आगाऊ यंत्रमानव नायकाच्या, म्हणजे मार्टनच्या घरात आहे. त्याचं तिथे कुणालाच नवल वाटत नाही. घरात मांजर असावं तसा तो असतो, फक्त जास्त वाह्यात. मालिकेतली हॅनेलोर तर अंतराळ स्थानकात लहानाची मोठी झालेली आहे. म्हणजे हे जग पहिल्यापासूनच असं आहे. ते आपल्याला आपल्यासारखं वाटायचं, कारण त्यात मार्टनला घरभाडं भरायचं असायचं.

हे नीट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

२००५ मध्ये मी इथे बडोद्यात, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये हिशेब लिहायला नुकती लागले होते. संध्याकाळी बसमधून उतरलं की दांडिया बाजारातल्या एका सायबर कॅफेत अर्धा तास बसायचं. तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला मात्र बारा, हा हिशेब मला आजही पटलेला नाही. त्या मालिकेच्या चौकटी एकाखाली एक असतात. कॅफेचं कनेक्शन असं, की चित्र वरून खाली, ओळीओळीने उलगडत यायचं. आधी कॉफी शॉपचं छत, मग केस, मग डोळे, मग फुग्यातलं बोलणं. तिसऱ्या चौकटीपर्यंत चित्र येऊन थांबलं, की शेवटच्या चौकटीत काय असेल याचा मी मनातल्या मनात अंदाज बांधायचे. बहुतेक वेळा चुकायचे, आणि चुकल्याचीच मजा असायची. कॅफेवाल्याला वाटायचं ही बाई रिकाम्या स्क्रीनकडे बघून हसते.

तेव्हा काय घडायचं मालिकेत? फे ही मार्टनच्या ओळखीची एक फटकळ मुलगी. तिच्या हातून तिचं स्वतःचं राहतं घर जळतं, म्हणून ती मार्टनच्या फ्लॅटमध्ये येऊन राहते. प्रेमबीम नंतर, आधी डोक्यावर छप्पर नाही, ही अडचण. दोघं एका छताखाली आली म्हणून एकमेकांच्या डोक्यात जाऊ लागली, जवळ आली, रुसली. पुढे पाचशेव्या भागाच्या आसपास फे त्याला आपल्या वडिलांच्या आत्महत्येबद्दल सांगते. रोज एक विनोद करणाऱ्या मालिकेने तो विषय हातात घेतला आणि काही दिवस हसणं बाजूला ठेवलं. आज ते भाग काढून पाहिले तर चित्रं कच्ची वाटतात, सगळ्यांचे चेहरे एका साच्यातून काढल्यासारखे. पण त्या घटकेपर्यंत आपण जवळजवळ पाचशे भाग या मुलीचं फटकळ बोलणं ऐकलेलं असतं, आणि आता ते कुठून येतं हे कळतं. हे वळण आधीपासून रस्त्यात होतं.

याच्या उलट उदाहरण हवं तर 'कंट्रोल ऑल्ट डिलीट'चं घ्या. व्हिडिओ गेमवरची ही थिल्लर मालिका. २ जून २००८च्या भागात एकदम चार मुक्या चौकटी: नायक इस्पितळात धावत येतो, चौकशीच्या खिडकीशी बोलतो, डॉक्टरांशी बोलतो, आणि शेवटी पलंगावर रडत पडलेल्या आपल्या होणाऱ्या बायकोपाशी उभा राहतो. पोटातलं मूल गेल्याचं दुःख. विषय मोठा, पण कालपर्यंत ज्याच्या बावळटपणावर हसलो त्याच्यासाठी आज सकाळी रडा, असं कुणी सांगून होत नाही. लोकांनी त्या चार चौकटींचीच इतकी टिंगल केली की ती अजून थांबलेली नाही.

'क्वेश्चनेबल कंटेंट'ने अशी उडी कधी मारली नाही. फे दारूच्या आहारी जाते, कामावर पिताना सापडते, आणि तिची मैत्रीण डोराच तिला नोकरीवरून काढते, कारण फे जिथे काम करते ते कॉफीचं दुकान डोराचं आहे. मग पैशांसाठी फे यंत्रमानवांच्या चोरट्या कुस्त्यांच्या अड्ड्यावर दुरुस्तीचं काम धरते. तिथे तिला बबल्स भेटते, लढाईसाठी बनवलेली आणि आता लढाई संपून गेलेली यंत्रबाई. पुढे दोघी मिळून दुरुस्तीचं दुकान काढतात, एकमेकींच्या होतात. आपल्या लेखकाला इथे 'माणसं संपली' असं वाटलं. मला तर इथे माणूस पहिल्यांदा ओळखीचा वाटला. फे वेल्डिंग करते. मी आमच्या शेडमध्ये रोज वेल्डिंग बघते: काच डोळ्यांवर ओढायची, ठिणगी पडली की मान न हलवता हात झटकायचा, आणि काम झाल्यावर जोडाकडे अशा नजरेने बघायचं जशी मी ताळेबंद जुळल्यावर बघते. दारू सोडलेल्या बाईला हातांना काम लागतं, हे चित्रकाराला बरोबर कळलं होतं.

आणि मे! लेखात हिचं नावही नाही. मे ही यंत्रमुलगी. लढाऊ विमान विकत घेता यावं म्हणून तिने पैशांची अफरातफर करायचा प्रयत्न केला आणि ती यंत्रमानवांच्या तुरुंगात गेली. सुटली तेव्हा तिच्या वाट्याला आलं हलक्यातलं हलकं शरीर, जे ऐन वेळी दगा देतं. नवं घ्यायला पैसे नाहीत, आणि जुन्या शरीरामुळे धड काम मिळत नाही म्हणून पैसे नाहीत. आमच्या शेडमध्ये गुडघा गेलेला एक फिटर होता. ऑपरेशनसाठी पैसे लागत होते, पैशांसाठी उभं राहून काम करावं लागत होतं, आणि उभं राहता येत नव्हतं. मेचे ते भाग मी दुपारच्या डब्याच्या वेळी मोबाइलवर वाचले आणि तो फिटर आठवून डबा बंद केला. यंत्रमानवांच्या नावाखाली त्या चित्रकाराने गरिबीवर लिहिलं, तेही कुठे भाषण न देता.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते बोटीवर. मार्टनची प्रेयसी क्लेअर हिला क्यूबटाउन नावाच्या बेटावरच्या संशोधन संस्थेत नोकरी मिळते, आणि मार्टनही तिच्याबरोबर बोटीने तिकडे जातो. तिथे सगळं आहे. राहायला जागा आहे, हुशार यंत्रं आहेत, विक्षिप्त शास्त्रज्ञ आहेत. कुणाचं कुणावाचून अडत नाही. भांडण झालंच तर दोन भागांत दोघंही एकमेकांना समजून घेतात, आणि तेही इतक्या शहाण्या भाषेत, की मला फेच्या जुन्या शिव्यांची आठवण येते. सगळे चांगले वागतात. रोज कुणी ना कुणी नवं पात्र येतं, गोड असतं, आणि पुढच्या महिन्यात मला त्याचं नाव आठवत नाही. पाच हजारांहून जास्त भाग झाल्यावर माणूस थकतो, हे मी समजू शकते. आठवड्याचे पाच भाग एकहाती काढणं म्हणजे खेळ नाही. पण थकव्याने हात जड होतो. इथे उलटंच झालंय. चित्रं पूर्वीपेक्षा कितीतरी सुरेख आणि सफाईदार आहेत, आणि गोष्टीला वजन उरलेलं नाही.

माझा भाचा इथेच फाइन आर्ट्सला आहे. परवा सेव-उसळ खाताना त्याच्याशी यावरून जुंपली. तो म्हणाला, "मावशी, तुला ती मालिका नकोय, तुला तुझा सायबर कॅफे हवाय." मी म्हटलं, असेलही. पण मेचे भाग मी कॅफेत वाचलेले नाहीत, पस्तिशी उलटल्यावर वाचले आहेत, आणि ते मला पहिल्या भागांपेक्षा जास्त आवडतात. त्यावर त्याने तर्रीची वाटी पुढे ओढली आणि विषय बदलला.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर, चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांनी उभे केले ते चिं. वि. जोशी आमच्या बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे. चिमणराव किती वर्षं चालला! बायकामुलं आली, मोरू, मैना, राघू सगळे गोष्टीत वावरू लागले. पण तो कारकून राहिला. त्याच्या खिशातली चणचण राहिली. त्याला एखाद्या बेटावर बिनभाड्याचा बंगला दिला असता, तर गुंड्याभाऊने येऊन करायचं तरी काय होतं?

लेखकाने 'कॅल्विन अँड हॉब्ज'चा दाखला दिला आहे, की बघा, १९८५ ते १९९५ अशी दहाच वर्षं काढून तो चित्रकार मानाने थांबला. मान्य. पण ती वर्तमानपत्रातली मालिका होती. मध्ये सिंडिकेट, म्हणजे मालिका वर्तमानपत्रांना विकणारी कंपनी होती, शेकडो संपादक होते, पात्रांची खेळणी आणि कप काढण्यावरून त्याची सिंडिकेटशी वर्षानुवर्षं लढाई चालली होती. ज्याच्याशी झगडायचं असं समोर कुणी तरी होतं. वेबकॉमिकवाल्याच्या समोर कुणी नाही. 'क्वेश्चनेबल कंटेंट'चा चित्रकार सुरुवातीला टी-शर्ट विकून पोट भरायचा. पुढे वाचकांची मासिक वर्गणी सुरू झाली. मीही महिन्याला दोन डॉलर भरते, म्हणजे या बिघाडात माझेही दोन डॉलर आहेत. आम्ही वर्गणीदार जुनी, प्रेमळ माणसं. आम्हाला फेचं काही वाईट व्हावंसं वाटत नाही, आणि चित्रकारालाही आम्हाला दुखवावंसं वाटत नसणार. अशाने सगळ्यांचंच छान चाललंय, मालिका सोडून. चित्रकाराच्या घराचं भाडं दर महिन्याला वेळेवर सुटायला लागलं त्याच सुमारास पात्रांचंही सुटलं, असा माझा आपला हिशेबनिसाचा संशय आहे.

म्हणून मालिका बंद करा असं मी म्हणणार नाही. मला बोट परत हवी आहे. मार्टनला परत त्याच्या जुन्या गावी, नॉर्थॅम्प्टनला आणा, एका महिन्याचं भाडं थकू द्या, आणि डोराला त्याच्यावर एकदा तरी मनापासून भडकू द्या. यंत्रमानव खुशाल असू द्यात. पिंटसाइज तर हवाच.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. आपण ते कापणार, आणि कापलंच पाहिजे. माझ्यावर संपादक आहे हे किती बरं. फक्त एक विनंती. जागेसाठी कापायचं झालं तर मुक्या चौकटींचा परिच्छेद खुशाल काढा, कॅफेचाही काढा. मेचा मात्र ठेवा. आणि पहिल्या भागातल्या यंत्रमानवाबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, वाचता येईल एवढ्या टायपात यावी.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदे